दाराआडची मूर्ती

रामवाडी, पेण
१८ जून २०२५

प्रिय भाविकाताई,

हे पत्र आपल्या शेजारच्या मिथुनच्या हाती देते आहे. त्याची या आठवड्यात दुसरी शिफ्ट आहे. कंपनीत जाताना तो तुमच्या बिल्डिंगखाली थांबेल.

फोनवर सांगता आलं असतं. पण आमच्या समीक्षा मॅडमचा नियम आहे की संग्रहालयातल्या वस्तूत काही बदल करायचा, तर ज्यांनी ती दिली त्यांची लेखी परवानगी हवी. त्या पूर्वी चित्रकला शिकवायच्या, निवृत्त झाल्यापासून संग्रहालयाचं बघतात. नियम मला पटतो.

अडचण जागेची आहे. आमच्या कोठाराच्या दोन खोल्या होत्या. त्यातली मोठी खोली जुलैअखेर अभ्यासिकेला जाणार आहे. उरलेली खोली जोह्याच्या आपल्या पडवीएवढीच, आणि तिच्यात सगळं बसवायचं आहे: प्लास्टरचे जुने साचे, त्यांच्या मूर्ती, तसबिरी, प्रभावळींच्या कागदी नमुन्यांच्या ट्रंका. जे बसणार नाही ते देणाऱ्यांना परत करायचं असं मॅडम म्हणतात. परत गेलेला साचा पावसात अंगणात पडतो हे तुला माहीत आहे. म्हणून काही परत जाऊ नये अशी माझी खटपट चालली आहे.

साचे आतापर्यंत एकावर एक आडवे होते. ते मी पुस्तकांसारखे उभे लावते आहे. आणि ज्या मूर्तीचा साचा आहे ती मूर्ती त्याच साच्यात ठेवून दोन्ही अर्धे भाग सुतळीने बांधायचे. साचा हेच मूर्तीचं खोकं. यात निम्मी जागा वाचते.

काकांच्या मूर्तीला मात्र साचा नाही. तिच्या शेजारी लावायच्या फलकाचा मजकूर मी असा लिहिला आहे, चुकलं असेल तर सांग: "दत्तात्रेय म्हात्रे, जोहे, हे तीस वर्षं इतरांच्या मूर्तींची आखणी करत, म्हणजे डोळे काढत. शाडूची ही मूर्ती त्यांनी साचा न वापरता, संपूर्ण हाताने घडवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं, त्यामुळे मूर्तीची आखणी आणि रंगकाम झालेलं नाही. भेट: कन्या भाविका."

मूर्ती अडीच फूट उंच आहे. मागचे दोन हात वर असल्यामुळे ती कुठल्याच फळीवर बसत नाही. काकांनी ते हात मागून जोडले होते. आत काथ्या आहे, सांधा कुठे आहे ते मला माहीत आहे. ओलं फडकं ठेवून सांधा मऊ केला तर हात अलगद निघतील आणि मूर्ती सर्वांत खालच्या, कोरड्या फळीवर बसेल. हात वेगळे, कापसात ठेवता येतील. पुढे कधी पुन्हा जोडले तर सांधा दिसेल. हे मी लपवत नाही.

हात ठेवायचे असतील तर मूर्ती दाराआडच्या कोपऱ्यात जमिनीवर उभी करावी लागेल. तिसरी जागा नाही. तुझं जे मत असेल ते दोन ओळींत लिहून सही कर.

काकीला नमस्कार.

तुझी,
नम्रता


रोहा
२२ जून

नमे,

"सांधा दिसेल, हे मी लपवत नाही." वकिलीण कधीपासून झालीस गो?

दोन ओळी मागितल्यास, देते. हात काढायचे नाहीत. खाली सही आहे.

आता बाकीचं. तू फोन का केला नाहीस ते मला कळलं. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मी एकटी बोलत बसते. कागदावर तुला पळता येत नाही, तेव्हा हेच बरं. मीपण लिहीन. कंपनीत पॅकिंगला असल्यामुळे मोबाइल गेटवरच ठेवावा लागतो, जेवणाच्या सुट्टीत बायका एकमेकींच्या सासवांवर बोलतात, तेवढ्यात माझं एक पत्र होतं.

तू म्हणतेस जागा नाही. आमच्याकडे येऊन बघ. एक खोली, एक स्वयंपाकघर. वॉशिंग मशीन पॅसेजमध्ये आहे, त्याच्यावर आईचे देव, देवांच्या बाजूला माझं हेल्मेट. आई रोज हळद-कुंकू वाहते, एक दिवस हेल्मेटलाही वाहील. इथे जागा असती तर मी बाबांना तुमच्याकडे ठेवलं असतं का?

हो, मूर्तीला "बाबा" लिहिलं. खोडत नाही. जोह्याचा कारखाना दिला, घर भाड्याने दिलं, बाबांचे ब्रशसुद्धा तुझ्या पप्पांनी वापरायला नेले. त्यांच्या हाताचं माझ्याकडे तेवढं एक आहे. त्याचे तू हात काढणार?

फलक बरोबर आहे. "कन्या" वाचून आई हसली. बाकी ती मूर्तीबद्दल एक शब्द बोलत नाही. मी एप्रिलमध्ये मूर्ती न्यायला टेम्पो आणला तेव्हाही नळावर जाऊन बसली होती. तिला अजून सोसत नाही, म्हणून मी विषय काढत नाही.

कोपरा तर कोपरा. पण नीट ठेव.

भाविका


रामवाडी, पेण
१३ जुलै

प्रिय ताई,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे हातांना हात लावलेला नाही. तुझं पत्र (फक्त वरच्या दोन ओळी) मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, ठीक.

मोठी खोली काल रिकामी झाली. एकही साचा परत गेला नाही. लहान मूर्तींसाठी बाजारातून मासळीचे प्लॅस्टिकचे क्रेट आणून तीनदा धुतले, तरी पहिल्या दिवशी मांजर येऊन बसली होती. तसबिरी भिंतीवर लावायच्या ऐवजी मिथुनने प्लायच्या फळ्या सरकत्या केल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना टांगल्या आहेत. कपाटातल्या साड्यांसारखी एकेक ओढून बघता येते. मॅडमनी अलिबागच्या एका बाईंना फोनवर सांगितलं की आमच्या मुलीने खोलीतून खोली काढली. मी ऐकत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काकांची मूर्ती दाराआड आहे. तिच्याखाली पाट आहे, आणि दार उघडताना लागू नये म्हणून मध्ये लाकडी ठोकळा ठोकला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांची धूळ उडते, म्हणून आपण जोह्याला पूर्ण झालेल्या मूर्ती गुंडाळतो तशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आहे, दोन थरांत, खालून गाठ मारून. मी रोज सकाळी ठोकळा तपासते.

तू म्हणतेस तसं नीट ठेवलं आहे. मला लिहिताना काकांची आठवण झाली. शाळेत जायच्या आधी मला अक्षरं त्यांनीच शिकवली, ओला शाडू सपाट थापून त्या थापीवर काडीने. तुला कंटाळा यायचा आणि तू उठून जायचीस. मला उठायची भीती वाटायची.

तुझी,
नम्रता


रोहा
२० जुलै

नमे,

उठून गेले म्हणून मी पॅकिंगला आणि तू म्युझियममध्ये, असं म्हणायचं आहे का? असो. भीतीचाही पगार मिळतो म्हणायचा.

खोलीतून खोली काढली हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे ये एकदा, आमची पण काढ.

गणपती झाल्यावर सुट्टी मिळाली तर मी बघायला येते. तोपर्यंत एक फोटो पाठव. प्लॅस्टिक काढून काढ, नाहीतर पार्सलचा फोटो पाठवशील. गेल्या आठवड्यात बाबांचा आवाज आठवत नव्हता, एकदम. पाच मिनिटांनी आठवला. म्हणून म्हटलं फोटो असावा.

भाविका


रामवाडी, पेण
११ ऑगस्ट

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. इथे कामाची गर्दी आहे. पप्पांच्या कारखान्यात रात्रंदिवस रंग चालू आहेत आणि मलाही संध्याकाळी आखणीला बसावं लागतं. जोह्याच्या रस्त्यावर टेम्पो इतके आहेत की परवा एस.टी. हमरापूरपासून मागे फिरली.

अभ्यासिकेत मुलं येऊ लागली आहेत. दमट हवा शोषून घेणारं एक यंत्र असतं, त्याची मागणी मॅडमनी वर पाठवली आहे, पण पुढच्या वर्षी बघू असं उत्तर आलं. तोवर मी फळ्यांवर चुन्याच्या पुड्या ठेवल्या आहेत. सरकत्या फळ्या मात्र छान चालतात. एक शाळा येऊन गेली, मुलांना तसबिरींपेक्षा फळ्या ओढायलाच आवडलं.

काकीच्या गुडघ्याचं काय झालं? तेल लावते का?

तुझी,
नम्रता


रोहा
१७ ऑगस्ट

नमे,

आईचा गुडघा ठीक आहे. तेल लावते.

शाळा आली, टेम्पो आले, एस.टी. मागे फिरली, चुन्याच्या पुड्या ठेवल्या. सगळं लिहिलंस. फोटोचं लिहिलं नाहीस.

तू लहानपणी कपबशी फोडलीस की अशीच घरभर सगळ्यांची चौकशी करत फिरायचीस. काय झालंय?

भाविका


रामवाडी, पेण
१९ ऑगस्ट

प्रिय ताई,

मूर्तीचा उजवा मागचा हात निखळला आहे. सोंडेचं टोकही गेलं आहे. चेहरा शाबूत आहे.

मला हे कळलं एकतीस जुलैला. तुझा फोटो काढायला प्लॅस्टिक सोडलं तेव्हा आतून पाणी गळालं. कारखान्यात आपण गुंडाळतो त्या मूर्ती वाळलेल्या, रंगवलेल्या असतात आणि चतुर्थीला निघून जातात. काकांची मूर्ती कच्ची, बिनरंगाची. दाराआडची भिंत बाहेरची आहे आणि या पावसात ती झिरपते. दमट हवा प्लॅस्टिकमध्ये कोंडली आणि माती पुन्हा मऊ झाली. हात आपल्या वजनाने सरकला आणि सोंडेवर पडला. मी लहानपणापासून मूर्ती गुंडाळत आले, म्हणून विचार न करता गुंडाळली. दुसऱ्या कुणी आधी विचारलं असतं. रोज ठोकळा तपासत होते, आत पाहिलं नाही.

एकतीस तारखेपासून आजपर्यंत तुला कळवलं नाही, कारण दुरुस्त करून मग कळवावं असं वाटत होतं. दोनदा माती मळली. दोनदा टाकून दिली. मी केलेला हात काकांचा म्हणून तुला दाखवला असता तर तुला ओळखता आला नसता, याचीच जास्त भीती वाटली.

आता पुढे तीन गोष्टी होऊ शकतात. मी किंवा पप्पांनी हात नव्याने करायचा आणि फलकावर तसं लिहायचं. किंवा मूर्ती आहे तशी, मोडक्या हातासह ठेवायची. मॅडमना हे मान्य आहे. किंवा तू परत न्यायचीस. मॅडम मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

हात काढून कोरड्या फळीवर ठेवली असती तर, असं तुझ्या मनात येईल. ते मनात आणू नकोस. गुंडाळली मी.

नम्रता


रोहा
२४ ऑगस्ट

नम्रता,

वाचलं. आत्ता काही लिहीत नाही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ओली हाय का अजून?" मी म्हटलं, मला काय माहीत. मग ती भाकऱ्या करायला उठली.

गणपती होऊ देत.

भाविका


रामवाडी, पेण
९ सप्टेंबर

प्रिय ताई,

काल काकी इथे येऊन गेली. तुला माहीत नसणार, कारण ती म्हणाली, "भावी पहिल्या शिफ्टला हाय, ती यायच्या आत मी घरी." म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी संग्रहालय उघडत होते तर ती पायरीवर बसलेली. मेमूने आली होती. कासूला गाडी बराच वेळ थांबवून ठेवली म्हणून गार्डला शिव्या देऊन झाल्या. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "कुठं हाय तो?"

"दाराआड."

"पाव्हण्याला दाराआड उभा केलास व्हय गो?"

मी दार लोटून दाखवलं. प्लॅस्टिक तेव्हाच काढलं होतं, सुटा हात बाजूला फडक्यात ठेवला होता. काकीने मूर्तीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. सरळ अंगठा पोटावर दाबला. अंगठा आत गेला.

तेवढ्यात मॅडम आल्या. म्हणाल्या, "अहो बाई, हात लावू नका. संग्रहालयाची वस्तू आहे ती."

काकी म्हणाली, "बाई, ही वस्तू माज्या पडवीत तीन महिने होती. हिच्यापायी मी थंडीत कपडे अंगणात वाळत घालीत व्हते. एकदा लागला हात तर लागू दे."

मी ओळख करून दिली. मॅडमनी खुर्ची आणली. काकी खुर्चीवर बसली नाही, पाटाशेजारी जमिनीवर बसली. मी तिला तिन्ही पर्याय पुन्हा सांगितले. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. मग म्हणाली, "नमू, तुज्या काकाला हा आवडला नव्हता."

मी विचारलं, म्हणजे काय.

"आवडला नव्हता म्हणजे नव्हता. खांदा चुकलाय म्हणायचे. दवाखान्यात मला सांगितलं, घरी गेलीस की ह्याला भिजव. कुणी बघायच्या आधी भिजव. मी म्हटलं, बरे होऊन या नि तुमचं तुम्हीच भिजवा, मला गुडघा वाकत नाय. नाय आले."

तुला आठवत असेल, काकांना जे जमलं नाही असं वाटायचं ते संध्याकाळच्या आत टबात जायचं. आपण दोघी एकदा त्यांनी भिजवलेल्या मातीच्या उंदरासाठी रडलो होतो. मी काकीला म्हटलं, हे तू भाविकाताईला का सांगितलं नाहीस.

काकी म्हणाली, "कधी सांगू? टेम्पो दारात लावून उभी राह्यली. पोरीला बाप पायजे व्हता आणि घरात ठेवायला जागा नाय. त्यात मी सांगू, तुज्या बापाने शेवटाला केला तो बिघडलेला हाय? मी आपली नळावर जाऊन बसले."

मग म्हणाली, "डोळे नाय काढले त्याने. डोळे काढले असते तर देव झाला असता, मग मी काय बोलले नसते. आता माती हाय ती. भिजवायची राह्यलेली."

मी तिला सांगितलं की मूर्ती तुझ्या सहीने आली आहे, तुझ्या सहीशिवाय जाऊ शकत नाही. ती उठली. "मग तिला विचार. मी नाय विचारणार. मी विचारलं तर मन मारून व्हय म्हणंल." निघताना तिने तुझ्यासाठी वडापाव घेतले. ते कुठून आले असं तू काल विचारलं असशील.

ती गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, कलावंताला स्वतःचं काम आवडत नाही हे काही नवीन नाही. कलावंतांचं ऐकून सगळं भिजवत गेलो तर कोठारं ओस पडतील. पुढे कुणाला तरी हीच मूर्ती बघून काहीतरी कळेल. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. मी काकीचंही चुकीचं म्हणू शकत नाही.

हात मोडला तेव्हा मला वाटलं होतं की तुला विचारण्यासारखं याहून अवघड काही नसेल. तू म्हणशील तसं. मूर्ती ठेवायची ठरली तर या वेळी ती कशी ठेवायची ते मला समजलं आहे, आणि मी ती जन्मभर ठेवीन.

नम्रता


रोहा
१७ सप्टेंबर

नमे,

वडापाव स्टेशनवरचे म्हणाली होती. रोह्याच्या.

पत्र वाचून मी चार दिवस आईशी बोलले नाही. ती समोर बसून भेंडी पुसत होती, मी मोबाइल बघत होते. इतक्याशा घरात न बोलता राहायचं म्हणजे कसरत असते, दर वेळी एकीला सरकून वाट द्यावी लागते. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "बाबा खरंच तसं बोलले?" ती म्हणाली, "मी काय तुला खोटं सांगंन?" मी म्हटलं, "सात महिने सांगितलं नाहीस." ती म्हणाली, "सांगितलं नाय. खोटं नाय सांगितलं." तू तिच्यावर गेली आहेस, माझी आई असून.

तुझ्या मॅडमचं मला पटलं. मी दोन दिवस त्यांच्याच बाजूने होते. मग विचार केला, पुढे कुणीतरी येऊन बाबांची मूर्ती बघेल, कोण? मला तर ती चांगलीच वाटायची. पण मला काय कळतं? मी थापीवरून उठून गेले होते. ज्याला कळतं असा कुणी आला तर तो पहिल्यांदा खांदाच बघेल. बाबा तीस वर्षं दुसऱ्यांच्या गणपतीचे डोळे काढत होते, एकाचाही डोळा वाकडा गेला असं कुणी म्हणालं नाही. आणि त्यांच्या नावाचा फलक लावून आम्ही तो खांदा लोकांना दाखवायचा.

मला ती हवी आहे, नमे. हे मी लिहून ठेवते, म्हणजे कुणी असं समजू नये की मला सहज जमलं. पण मूर्ती माझी नाही, बाबांची आहे.

परवानगीचा कागद वेगळा जोडला आहे. सही आहे.

मी येणार नाही. सुट्टी मिळेल, तरी येणार नाही. आईला पाठवते. तू तिथे शेवटपर्यंत थांब आणि बघ. तुला सगळं लिहायची खोड आहे ना, मग लिही. गाळू नकोस, गोड करू नकोस. आणि खांदा खरंच चुकला होता का, ते मला तू सांग. आईचं त्यातलं मला पटणार नाही.

भाविका


जोहे
२९ सप्टेंबर

प्रिय ताई,

तू सांगितल्याप्रमाणे लिहिते.

मूर्ती एकोणीस तारखेला संग्रहालयातून निघाली. मॅडमनी स्वतः दार धरलं. मोडका हात आणि सोंडेचं टोकही सोबत आणलं, कोठारात काही राहिलं नाही. दाराआडच्या कोपऱ्यात आता प्रभावळींच्या दोन ट्रंका उभ्या केल्या आहेत. त्या बरोबर बसल्या.

आणल्या दिवशीच भिजवता आली नाही. काकीने फोनवर सांगितलं होतं, आधी सुकू दे, अर्धवट ओली माती पाण्यात विरघळत नाही, नुसती घट्ट बसते. म्हणून ती आमच्या माडीवर उघड्यावर ठेवली. ऊन चांगलं पडलं. काल काकी आली तेव्हा मूर्ती वाजवली तर टणटण वाजत होती. तेव्हा ती सगळ्यांत छान दिसत होती, पांढरट आणि कोरडी. गाळू नको म्हणालीस म्हणून हेही लिहिलं.

मागच्या दारी पप्पांचा मोठा टब घेतला. पप्पा आले नाहीत, कारखान्यातच बसून राहिले. काकीने मूर्ती पाटासकट टबात बसवली आणि तांब्याने डोक्यावरून पाणी घालायला सुरुवात केली. आधी काही झालं नाही, माती पाणी पीत होती. बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता. मग वरचा गुळगुळीत थर सुटला, काकांनी ओल्या ब्रशने फिरवलेला. चेहरा त्यातच गेला, सगळ्यांत आधी. मला वाटलं होतं तो शेवटी जाईल.

खांद्याचं विचारलंस. हो, चुकला होता. उजवा खांदा जास्त वर आणि जाड होता, त्यामुळे मान बसल्यासारखी दिसायची. संग्रहालयात आणली त्या दिवशीच मी पाहिलं होतं. फलकावर लिहायची गोष्ट नव्हती म्हणून लिहिलं नाही, आणि तुला सांगायची हिंमत नव्हती.

पण पुढचं ऐक. पाणी घालता घालता त्या खांद्यावरची माती एकदम पापुद्र्यासारखी सुटून खाली आली. आत दुसरा खांदा होता. त्याच्यावर काडीने आडव्याउभ्या रेघा ओढलेल्या होत्या, वरची माती धरावी म्हणून ओढतात तशा. म्हणजे काकांनी आधी एक खांदा केला होता आणि मग त्यावर आणखी चढवला. आतला बरोबर होता. उतार, मान, दंडाचा गोल, सगळं. मी काकीला दाखवलं. ती वाकून बघत राहिली. म्हणाली, "हा व्हता व्हय? मग वरून कशाला थापलान?" थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला सांगायला कुणी नव्हतं ना, की पुरे आता."

आतल्या खांद्यावर बोटं उमटलेली होती. चार बोटं पाठीकडून, अंगठा पुढून. हात गोल करताना धरलं असेल. इतकी ठळक होती की मला त्यात माझी बोटं बसवून बघावीशी वाटली. बसवली नाहीत. फोटोही काढला नाही, हात ओले होते आणि तेवढ्यात अंगठ्याची कड विरायला लागली होती. ते मी पाहिलं आणि काकीने पाहिलं. आता तुला लिहिलं, म्हणजे तिघींनी.

त्यानंतर काकीने आणखी एक तांब्या भरून हातात धरला, पण ओतला नाही. बराच वेळ तशीच उभी होती, गुडघा दुखत असून. मी म्हटलं, "काकी, थांबायचं का?" तिने तांब्या खाली ठेवला, पदर खोचला, दोन्ही हात कोपरापर्यंत टबात घातले आणि ढवळायला लागली. पाणी गढूळ झालं आणि आतलं काही दिसेना. मी तरी बघतच होते.

"नमू, बाजूला हो गो," ती म्हणाली. "काथ्या काढायचा हाय. मातीत राह्यला तर कुजंल."

तुझी,
नम्रता